दोन चित्रांमधील जागा

पुस्तक वाचावयाचे असते आणि चित्र पाहावयाचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे एखादे मूल चित्रांचे पुस्तक घेऊन बसले, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "नुसती चित्रे काय बघत बसलास? काही वाच!" चित्रांवरून डोळा फिरवला आणि पाने भराभर उलटली, की झाले; त्यात डोक्याला श्रम ते कोणते, असे त्यांस वाटत असते. परंतु चित्र हे खिडकीसारखे असते. खिडकीसमोरून धावत जाणाऱ्यास केवळ गज दिसतात. जो तेथे क्षणभर थांबतो, त्यास पलीकडचे अंगण दिसते, अंगणातील माणसे दिसतात, आणि त्या माणसांच्या चेहऱ्यांवरील सुखदुःखही दिसते.

चित्रांच्या मालिकेतून सांगितलेल्या दीर्घ कथेस हल्ली चित्रकादंबरी म्हणतात. तीत प्रत्येक पानावर लहानमोठ्या चौकटी आखलेल्या असतात. एकेका चौकटीत कथेतील एकेक क्षण रेखाटलेला असतो, आणि पात्रांचे बोलणे त्यांच्या तोंडाजवळच्या पांढऱ्या फुग्यांत लिहिलेले असते. अशा एका चित्रकादंबरीने अंधेरीच्या एका घरात काय घडवले, हे सांगण्यासारखे आहे.

अंधेरीच्या पूर्व भागात, कुर्ल्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, एका जुन्या तिमजली इमारतीत हे कुटुंब राहते. रस्त्यावर दिवसभर वाहनांची गर्दी, आणि त्या गर्दीच्या डोक्यावरून 2014 पासून धावणारी मेट्रो गाडी! अशा गजबजाटात त्या घरची सहावीतील मुलगी एका जुलै महिन्यात शाळेच्या ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. ते होते चित्रमय महाभारताच्या तीन खंडांपैकी पहिले.

या चित्रमय महाभारताची जन्मभूमी मुंबईच होय. अनंत पै या कल्पक संपादकांनी 1967 मध्ये 'अमर चित्र कथा' ही माला सुरू केली. आपल्या देशातील मुलांना परदेशच्या पुराणकथा ठाऊक असाव्यात आणि आपल्या मात्र ठाऊक नसाव्यात, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. याच मालेत 1985 पासून 1989 पर्यंत संपूर्ण महाभारत 42 अंकांत प्रसिद्ध झाले. त्याची चित्रे काढली दिलीप कदम या मराठी चित्रकाराने. पुढे हे सर्व अंक एकत्र करून त्यांचे तीन खंड बांधण्यात आले. हजाराहून अधिक पाने, आणि प्रत्येक पानावर अनेक चौकटी! एवढा पसारा रेखाटावयाचा म्हणजे केवढी चिकाटी हवी!

पहिले काही दिवस त्या मुलीने तो ग्रंथ नुसता अधाशासारखा वाचला. रथ, हत्ती, धनुष्ये, आकाश झाकून टाकणारे बाण! युद्धाची पाने केव्हा येतात, याचीच तिला घाई झाली होती. पुस्तकातील संवाद इंग्रजीत होते. तिच्या आजोबांची दृष्टी अधू झालेली. म्हणून संध्याकाळी ती त्यांच्याजवळ बसे, आणि चित्रे दाखवीत एकेक संवाद मराठी करून सांगे. आजोबा मध्येच तिला थांबवीत.

"अगं, इतकी घाई कसली? या दोन चित्रांच्या मध्ये काय झाले, ते सांग पाहू."

"मध्ये? मध्ये तर काहीच नाही, आजोबा. कोरी जागा आहे."

"तेथेच तर खरी गंमत आहे! या चित्रात त्याने गदा उगारली आहे, आणि पुढच्या चित्रात शत्रू खाली पडला आहे. मग घाव कोणी घातला?"

मुलगी विचारात पडली. घाव तर चित्रकाराने कोठेच काढला नव्हता. तो तिने स्वतःच, आपल्या मनात, त्या कोऱ्या पट्टीत घातला होता!

आजोबांना ही जाण काही पुस्तकातून आलेली नव्हती. ते मूळचे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, कुडाळ जवळच्या एका खेड्याचे. कुडाळच्या लगतच पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील चित्रकथी पिढ्यान् पिढ्या चित्रांवरून रामायण-महाभारताच्या कथा सांगत आले आहेत. कथेकरी मांडी घालून बसतो, समोर चित्रांची पोथी उभी धरतो, आणि वाद्यांच्या साथीवर गात गात एकेक चित्र पुढे करतो. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत जो थोडा अवकाश असतो, त्यात ऐकणाऱ्यांचे प्राण जणू डोळ्यांत गोळा होतात. ही कला जतन करणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री देऊन सरकारने तिचा गौरव केला. आजोबांनी लहानपणी असा खेळ देवळात पाहिला होता. आपल्या धाकट्या भावाला खांद्यावर बसवून ते तो पाहावयास गेले होते. एवढे सांगून ते एकाएकी गप्प झाले. धाकट्या भावाचा विषय निघाला, की अलीकडे ते असेच गप्प होत.

युद्धाची पाने अखेर आली. मुलीने गणिताची वही काढून हिशेब मांडला. एका अक्षौहिणीत 21,870 रथ, तितकेच हत्ती, 65,610 घोडे आणि 1,09,350 पायदळ, मिळून 2,18,700. कौरवांच्या अकरा अक्षौहिणी आणि पांडवांच्या सात. अठरांनी गुणले, तेव्हा उत्तर आले 39,36,600. आणि हे सारे केवळ अठरा दिवसांत नष्ट झाले! शेवटी प्रमुख वीरांपैकी उरले किती? पाच पांडव, श्रीकृष्ण आणि सात्यकी. दुसऱ्या बाजूस अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा. अवघे दहा! एवढी मोठी संख्या वहीच्या एका ओळीत लिहिताना तिला काही वाटले नाही. परंतु 'दहा' हा आकडा लिहिताना तिची पेन्सिल थबकली.

त्याहून अधिक ती थबकली, ती युद्ध संपल्यानंतरच्या पानांवर. येथे आता बाण नव्हते, शंखनाद नव्हता. रणभूमीवर फिरणाऱ्या स्त्रिया होत्या. आयुष्यभर डोळ्यांवर पट्टी बांधून राहिलेल्या गांधारीने येथे दिव्य दृष्टीने आपले शंभर पुत्र पाहिले, तेही मेलेले. इकडे जिंकलेल्या द्रौपदीचे पाचही पुत्र रात्री झोपेत मारले गेले होते. मग गंगेच्या तीरी मृतांना पाणी देण्यासाठी सर्व जमले, तेव्हा कुंतीने सांगितले, "कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला भाऊ होता." ज्याला मारून पांडवांनी जयघोष केला, तो त्यांचा सख्खा भाऊ निघाला!

"आजोबा, मग हे युद्ध कोणाचे? सगळी तर एकाच घरची माणसे!" मुलगी म्हणाली.

"हो बाळ. एकाच घरची."

"आणि भांडण कशावरून? सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, असे दुर्योधन म्हणाला, म्हणून?"

आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांनी केवळ चष्मा काढून पुसला.

त्या आठवड्यात पावसाने जोर धरला होता. शाळांना सुट्टी मिळाली होती. अंधेरीच्या भुयारी रस्त्यात दरवर्षीप्रमाणे पाणी भरले होते. अशा दिवशी मुलगी कथेच्या शेवटाशी आली. युद्धास छत्तीस वर्षे झाली होती. आपसांत लढून यादवांचे कुळ नष्ट झाले होते. द्वारकेतील वृद्ध, स्त्रिया आणि मुले यांना घेऊन अर्जुन निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ समुद्र नगरीत शिरला. ओसाड झालेले एकेक घर लाटांखाली जाऊ लागले. पुढे वाटेत दरोडेखोरांनी त्या असहाय लोकांवर घाला घातला, तेव्हा त्रैलोक्यात गाजलेले अर्जुनाचे गांडीव धनुष्य त्याला धड पेलवेना. एवढा मोठा वीर, पण आपल्या आश्रितांस वाचवू शकला नाही!

खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. मुलीने पुस्तक मिटले आणि विचारले, "समुद्र असा गावात शिरू शकतो का हो, आजोबा?"

तेव्हा घरात एका जुन्या दिवसाची आठवण निघाली. तो दिवस होता मंगळवार, 26 जुलै 2005. त्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, अवघ्या चोवीस तासांत, सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यास त्याच काळात केवळ 73 मिलिमीटर पडला. म्हणजे शहराच्या एका टोकास साधी सर आणि दुसऱ्या टोकास प्रलय! त्याच दुपारी समुद्राला मोठी भरती होती, म्हणून पाण्यास बाहेर जावयास वाट मिळेना. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांतून निघून साकीनाका, कुर्ला असा सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवास करून मिठी नदी माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या पात्रात माणसांनी भराव घातले होते, काठावर दाटीने वस्ती केली होती, तिच्यात कचरा लोटला होता. नदीने त्या दिवशी आपली जुनी जागा परत मागितली. साकीनाक्याजवळ दरड कोसळून तिच्याखाली अनेक माणसे गाडली गेली. त्या पावसाने महाराष्ट्रात एक हजाराहून अधिक बळी घेतले.

मुलीचे वडील तेव्हा नोकरीस नुकतेच लागलेले तरुण होते. लोकलगाड्या बंद पडल्या, म्हणून ते रात्रभर कंबरभर पाण्यातून चालत पहाटे घरी पोहोचले. वाटेत एका अनोळखी बाईंनी घराच्या पायरीवर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांस गरम चहा दिला. दोघा तरुणांनी रस्त्यावर दोर बांधून धरला होता. तो धरून माणसे पलीकडे जात होती. कोणी कोणाची जात विचारली नाही, गाव विचारले नाही, नावही विचारले नाही.

आजी इतका वेळ भाजी निवडीत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी भाऊजी आले, ते नाही सांगितले कोणी!"

"भाऊजी म्हणजे?"

"अगं, तुझे धाकटे आजोबा. तेव्हा ते घाटकोपरला राहत. रस्ते बंद, दिवे नाहीत, फोन नाहीत. माझा दादा कसा असेल, या काळजीने बिचारे साकीनाक्याच्या त्या चिखलातून चालत आले. डोक्यावर पिशवी, तीत पोळ्यांचा डबा, मेणबत्त्या आणि काडेपेटी. सारे अंग भिजलेले, पण काडेपेटी मात्र कोरडी ठेवली होती!"

मुलीने हे पूर्वी कधीच ऐकले नव्हते. तिला ठाऊक होते ते एवढेच, की धाकटे आजोबा आता गावी राहतात आणि सहा वर्षांपासून दोन्ही घरांत बोलणे नाही. गावच्या घराची वाटणी निघाली. माजघरातून भिंत कोठून घालावी आणि विहीर कोणाच्या वाट्यास जावी, यावरून शब्दाला शब्द वाढला होता.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आजोबा, एका चित्रात धाकटे आजोबा काडेपेटी घेऊन आले आहेत, आणि पुढच्या चित्रात तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. मध्ये काय झाले?"

लहान मुलांचे प्रश्न कधी कधी फार सरळ असतात, म्हणूनच ते फार अवघड असतात. आजोबा तिच्यावर रागावले नाहीत. मात्र त्या रात्री ते पुष्कळ वेळ खिडकीशी बसून होते.

शाळा पुन्हा उघडल्यावर मुलीने आपल्या बाईंना या पुस्तकाविषयी सांगितले. बाईंनी तिला आणखी एका चित्रकादंबरीची गोष्ट सांगितली. जपानातील हिरोशिमा शहरावर 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँब पडला, तेव्हा केइजी नाकाझावा हा मुलगा अवघा सहा वर्षांचा होता. शाळेच्या दाराशी असलेल्या भिंतीच्या आडोशामुळे तो वाचला. परंतु त्याचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ पडलेल्या घराखाली अडकले आणि आगीत गेले. संकटे एकेकटी येत नाहीत. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, 17 सप्टेंबरला, त्या होरपळलेल्या प्रदेशावर भयंकर चक्रीवादळ आले. पूर आले, डोंगर खचले, आणि हिरोशिमाच्या परिसरात आणखी सुमारे दोन हजार माणसे दगावली. तो मुलगा मोठा होऊन चित्रकार झाला. 1973 पासून त्याने 'अनवाणी गेन' ही चित्रकथा लिहिली आणि आपल्या कुटुंबाची कहाणी जगापुढे मांडली. तीत गेनचे वडील मुलांना सांगतात, की गव्हाच्या कोवळ्या रोपासारखे व्हा. थंडीत ते पायांखाली तुडवले जाते, तरी मुळे घट्ट रोवून पुन्हा सरळ उभे राहते.

ते ऐकून मुलीच्या मनात एक गोष्ट स्पष्ट झाली. पूर येतो, वादळ येते, तेव्हा ते घरातल्या कोणा एकाची बाजू घेत नाही. पण त्या वेळी माणसे हातात हात घालू शकतात, आणि पुष्कळदा घालतातही. युद्ध मात्र माणसेच आणतात, आणि ते आधी त्यांचे हात सोडवते. अर्जुनाचे धनुष्य द्वारकेच्या लोकांना वाचवू शकले नाही. येथे मात्र एका दोराने, चहाच्या पेल्याने आणि कोरड्या काडेपेटीने किती जणांना धीर दिला! नदीचे पात्र अडवले म्हणजे पाणी घरात शिरते. बोलणे अडवले म्हणजे कडूपणा घरात शिरतो. दोन्ही ठिकाणी भराव माणसानेच घातलेला असतो, आणि म्हणून तो माणसालाच काढता येतो.

श्रावण सुरू झाल्यावर एका दुपारी आजोबांनी मुलीला गावचा क्रमांक जोडून द्यावयास सांगितले. पलीकडून आवाज आला. आजोबा काही क्षण बोलेचनात. मग घसा खाकरून म्हणाले, "मी बोलतोय. पाऊस कसा आहे तिकडे?"

पलीकडेही काही क्षण शांतता होती. मग उत्तर आले, "खूप आहे, दादा. विहीर काठोकाठ भरली आहे."

एवढेच बोलणे झाले. त्यात ना क्षमेची भाषा होती, ना वाटणीचा निकाल. घराच्या भिंतीचा प्रश्न होता तेथेच राहिला. परंतु त्या वर्षी भाद्रपदात अंधेरीचे हे कुटुंब सहा वर्षांनी गावी गेले, आणि त्या घरात गणपती एकच बसला. त्या काठोकाठ भरलेल्या विहिरीचे पाणी दोन्ही चुलींवर चढले.

पुस्तकाने माणसांची भांडणे मिटतात, असे म्हणणे धाडसाचे होईल. मिटवावयाची असतात ती माणसांनीच. चांगले पुस्तक एवढेच करते, की धावत्या वाचकाला ते योग्य ठिकाणी थांबवते. चित्रकार चौकटी आखतो, रंग भरतो, चेहरे रेखाटतो. पण दोन चित्रांमधील जागा तो कोरी सोडतो. त्या जागेत गदेचा घाव घालावयाचा, की पुढे केलेला हात रेखाटावयाचा, हे वाचकानेच ठरवावयाचे असते.